नानांच्या कॅसेटी: प्रकल्प नोंदी

8 जून 2025

आईच्या माहेरची गिरगावातली खोली पुनर्विकासासाठी रिकामी करताना पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत 47 कॅसेटी निघाल्या. त्यांतल्या 29 साठ मिनिटांच्या आणि 18 नव्वद मिनिटांच्या आहेत, म्हणजे एकूण 56 तासांचे ध्वनिमुद्रण आहे. दुकानातून विकत आणलेली यांत एकही नाही. नाना, म्हणजे आईचे वडील, चाळीच्या गणेशोत्सवात आणि क्वचित घरच्या बैठकीत गात, तेव्हा 1983 ते 1994 या काळात मामांनी आपल्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर) टेप केलेल्या या कॅसेटी आहेत. यंदा पाऊस 26 मेलाच मुंबईत दाखल झाल्यामुळे ट्रंकेच्या तळाला ओल होती, आणि निम्म्या कॅसेटींच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर चढलेली पांढरी बुरशी दिसत होती.

भाच्याचे म्हणणे असे की यांतले बहुतेक अभंग आणि पदे ऑनलाइन चांगल्या आवाजात उपलब्ध आहेत, मग मी एवढा खटाटोप कशाला करावा. अभंग उपलब्ध आहेत, नाना उपलब्ध नाहीत, एवढे उत्तर पुरेसे होते. पण विषय निघाला म्हणून दुसरेही सांगितले. दरमहा पैसे भरून जे ऐकतो ते आपल्या मालकीचे नसते, आणि ‘विकत घ्या’ असे लिहिलेले बटण दाबून घेतलेलेही पुष्कळदा नसते. 2009 मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादामुळे एका कादंबरीच्या विकल्या गेलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या होत्या. पैसे परत मिळाले, पण घरातल्या कपाटातून पुस्तक नेऊन टेबलावर पैसे ठेवणाऱ्याला आपण पुस्तकविक्रेता म्हणत नाही. म्हणून या कामाची अट पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो: तयार होणारी फाइल उघडण्यासाठी कोणाचे खाते, पासवर्ड किंवा सर्व्हर लागता कामा नये.

15 जून

लॅमिंग्टन रोडला जाऊन कॅसेटी वाजवायचा डेक आणला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव असले तरी ग्रँट रोड स्टेशनबाहेर कोणालाही ते नाव सांगून पत्ता विचारण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन दुकानांत कॅसेटीतून थेट एमपी3 करून देणारा प्लॅस्टिकचा डबा दाखवला गेला. हातात घेतल्यावर त्याचे वजन पूर्ण डब्यातल्या पोह्यांपेक्षा कमी वाटले, आणि फीत एकसारख्या गतीने ओढण्याचे काम जड गतिचक्राचे असल्यामुळे तेवढ्यावरच निर्णय झाला. तिसऱ्या ठिकाणी ऐंशीच्या दशकाच्या अखेरचा एक जपानी डेक मिळाला. त्याचे रबरी बेल्ट वितळून डांबरासारखे झाले होते. कारागिराने ते खरवडून काढले, नवे बसवले, फीत ओढणारा पिंच रोलर घासून दिला आणि एकूण साडेसहा हजार रुपये घेतले.

काम चालू असताना माझे वायरलेस इयरफोन त्याला दाखवले. एका बाजूची बॅटरी दोन वर्षांत निकामी झाली आहे. त्याने ते फिरवून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, हे जोडलेले नाही, चिकटवलेले आहे. उघडले की तुटते.” दुरुस्तीच्या हक्काविषयी मी वाचलेल्या कोणत्याही लेखात हा प्रश्न इतक्या थोडक्यात मांडलेला नाही. ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले ते योग्यच झाले, परंतु माहितीपुस्तिका मिळाल्याने डिंक सुटत नाही. उलट समोरच्या डेकमध्ये सगळे स्क्रूवर होते. फिलिप्सने 1963 मध्ये ही कॅसेट आणली आणि इतर कंपन्यांनाही ती बनवू दिली, परंतु मापे सगळ्यांनी तीच पाळायची होती: फितीची रुंदी 3.81 मिलिमीटर आणि वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. त्या शिस्तीमुळे मामांच्या टू-इन-वनवरची कॅसेट आज, ही मापे येऊन 62 वर्षे झाल्यावरही, भलत्याच कंपनीच्या यंत्रावर वाजते. माझ्या मागच्या तीन फोनांचे चार्जर एकमेकांना चालत नव्हते, हे येथे नोंदवण्याचा मोह आवरत नाही.

22 जून

आजचा दिवस बुरशीचा. कॅसेटी आठवडाभर सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवून कोरड्या केल्या होत्या, कारण ओली बुरशी पुसायला गेले की ती फितीत घासली जाते. तोंडाला मास्क लावून गॅलरीत बसलो. कवचाचे पाच बारीक स्क्रू काढले की वरचे झाकण सरळ उचलायचे, तिरपे केले तर कोपऱ्यातले रूळ उडतात. आत दोन गुंडाळ्या, खाली सरकपट्टीचा पातळ कागद, आणि मध्ये तांब्याच्या पातीवर चिकटवलेला बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढा स्पंज, जो फितीला हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. गुंडाळीच्या कडेची बुरशी मऊ ब्रशने बाहेरच्या बाजूला झटकली आणि मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फक्त कड पुसली. एका कॅसेटीला चाळीस मिनिटे लागली. दिवसभरात नऊ झाल्या.

6 जुलै

आषाढी एकादशी असल्याने पहिली कॅसेट अभंगांचीच लावली. वेष्टनावर मामांच्या अक्षरात ‘गणपती 1988, तिसरा दिवस’ असे लिहिले आहे. सुरुवातीला आवाज घोंगडीआडून आल्यासारखा होता. टू-इन-वनचे हेड किंचित तिरके असणार, त्यामुळे त्या तिरकेपणाशी आपल्या डेकचे हेड जुळवावे लागते. हेडच्या डाव्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू हळूहळू फिरवत गेलो, आणि जेमतेम पाव फेऱ्यात टाळ अचानक सुटे ऐकू येऊ लागले. आई स्वयंपाकघरातून साबुदाण्याची खिचडी तशीच सोडून बाहेर आली आणि दारात उभी राहून म्हणाली, “हे नानाच.” पुढची काही मिनिटे कोणी बोलले नाही. खिचडी लागली.

आता तांत्रिक निर्णय. भाच्याचा आग्रह होता की फाइल 24 बिट (आवाजाच्या प्रत्येक मापाची बारकाई), 192 किलोहर्ट्झमध्येच (सेकंदाला किती मापे घ्यायची तो नमुनादर) करावी, कारण ‘हाय-रेझ’ म्हणजे तेच. साध्या फितीवर सर्वांत मोठा आवाज आणि फितीची स्वतःची खरखर यांच्यातले अंतर 50 डेसिबलच्या आसपास असते, तर 1982 पासून बाजारात असलेल्या सीडीचे 16 बिट 96 डेसिबल देतात. आमच्या फितीचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती आवाज आहे त्याचा आलेख, काढून पाहिला, तर 10 किलोहर्ट्झच्या वर खरखरीखेरीज काही नाही. माणसाच्या कानाची मजल तरुणपणीच 20 किलोहर्ट्झपर्यंत असते आणि तेवढ्यासाठी नमुनादर त्याच्या दुपटीहून थोडा अधिक असला की पुरतो. 24 बिट मी स्वीकारले, कारण त्यामुळे टेप करताना पातळी थोडी खाली ठेवता येते आणि एखादी तान अचानक चढली तरी ती फाटत नाही; नमुनादर मात्र 48 किलोहर्ट्झच ठेवला. या हिशेबाने 56 तासांचे सुमारे 58 जीबी होतात. 192 केले असते तर 232 जीबी झाले असते, आणि वाढलेल्या जागेत आपण केवळ खरखर अधिक बारकाईने साठवली असती. फाइलचे स्वरूप फ्लॅक ठेवले आहे. ते खुले आहे, त्यात काही गाळले जात नाही आणि ते 2001 पासून टिकून आहे.

13 जुलै

स्टुडिओत काम करणाऱ्या मित्राकडून गती तपासण्याची प्रमाणित कॅसेट मिळाली. तिच्यावर 3,150 हर्ट्झचा सलग सूर असतो. आमच्या डेकवर तो 3,058 भरला, म्हणजे डेक जवळजवळ तीन टक्के सावकाश चालत होता. मोटरच्या पाठीमागच्या छिद्रातून बारीक पेचकस घालून आतले बटण केसाएवढे फिरवले आणि आकडा 3,150 वर आणून ठेवला. आधी केलेल्या चार कॅसेटी पुन्हा कराव्या लागणार आहेत.

20 जुलै

तिसऱ्या दिवसाची तीच कॅसेट पुन्हा केली आणि आईला ऐकवली. तिने पहिल्या ओळीलाच मान हलवली. “आवाज बारीक झाला. नाना असे घाईने म्हणत नसत.” मी तिला समजावले की आधी डेक सावकाश चालत होता, आता मापाप्रमाणे चालतो आहे, आणि 37 वर्षांनंतर आठवणीतला आवाज थोडा खाली सरकणे स्वाभाविक आहे. तिने माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “तुझे यंत्र बरोबर असेल. पण हे नाना नव्हेत.”

हे लिहून ठेवतो, कारण त्या वेळी मला मनापासून वाटले होते की मीच बरोबर आहे.

3 ऑगस्ट

मंडळी दिवाणखान्यात एकत्र ऐकणार तर टीव्हीवरूनच, म्हणून आज त्याच्याकडे वळलो. आमचा 43 इंची टीव्ही दोन वर्षांपूर्वी घेतला तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर जाहिरात नव्हती. नंतर एका अपडेटमध्ये ती आली, आणि आता रिमोटचे बटण दाबले की पडद्याचा वरचा तिसरा भाग कसल्यातरी मालिकेला दिलेला असतो. पैसे मी मोजले, वीज मी भरतो, भिंत माझी, आणि जागेचे भाडे दुसऱ्याला मिळते. ही तक्रार नवी नाही, पण यामागचे तंत्र मात्र कमी लोकांना ठाऊक असते. पडद्यावर काय चालले आहे याचा ठसा ठरावीक अंतराने घेऊन तो दूरच्या यादीशी ताडून पाहण्याची सोय अनेक टीव्हींत असते, आणि त्यामुळे चित्र केबलवरून येवो किंवा डीव्हीडीवरून, काय पाहिले जाते ते कळते. अमेरिकेत विझिओ कंपनीने 1 कोटी 10 लाख टीव्हींमधून पाहणाऱ्यांच्या संमतीविना अशी माहिती गोळा केल्याचा आरोप झाला आणि 2017 मध्ये तिने 22 लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. हिशेब केला तर टीव्हीमागे तेव्हाच्या भावाने तेरा रुपये होतात.

उपाय सोपा निघाला. टीव्हीचे वाय-फाय कायमचे बंद केले आणि पत्त्यांच्या जोडाएवढा रास्पबेरी पाय नावाचा एक संगणक एचडीएमआय वायरीने मागे जोडला. त्यावर फाइली वाजवणारे कोडी हे सॉफ्टवेअर चालते, फाइली घरच्या डिस्कवरून येतात, आणि टीव्ही आता फक्त पडदा आणि स्पीकर आहे.

भाचा 8के टीव्हीची गोष्ट काढतो, म्हणून टेप घेऊन मोजमाप केले. 43 इंची पडदा 95 सेंटिमीटर रुंद असतो. फुल एचडीत त्या रुंदीत 1,920 ठिपके, म्हणजे एक ठिपका अर्धा मिलिमीटर. चांगल्या नजरेला अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो असे धरले, तर हे ठिपके 1.7 मीटरच्या पलीकडे डोळ्याला मिसळून जातात. 4केत त्याच रुंदीत ठिपके दुप्पट, त्यामुळे त्याचा लाभ पुरता घ्यायचा तर 85 सेंटिमीटरवर बसावे लागेल. आमचा सोफा भिंतीला टेकवूनही टीव्हीपासून 2.4 मीटरवर आहे आणि मुंबईतल्या घरात तो पुढे आणायचा तर जेवणाचे टेबल विकावे लागेल. 4के घेतला कारण दुसरे काही मिळत नव्हते. 8के या खोलीत डोळ्यांपर्यंत पोहोचणारच नाही.

10 ऑगस्ट

भाच्याने एका एआय प्रणालीतून एक कॅसेट ‘स्वच्छ’ करून आणली. पहिली पंधरा सेकंद मी थक्क झालो, कारण खरखर नाहीशी झाली होती आणि नाना समोर बसल्यासारखे वाटत होते. मग दोन ओळींमधल्या विरामात तंबोरा बंद पडला आणि पुढची ओळ सुरू होताच पुन्हा उगवला. ही प्रणाली बोलण्यावर शिकवलेली दिसते: सलग, न बदलणारा आवाज तिच्या लेखी पंखा किंवा एसी असतो, आणि तंबोऱ्याचा सगळा जन्म सलग वाजण्यातच जातो. समेवर मागून येणारी ‘वा’ गेली. एका कडव्याआधी नाना खाकरतात ते गेले, आणि त्या जागी कोठेही नव्हती अशी गुळगुळीत शांतता भरली गेली. भाचा म्हणाला, “पण मामा, गाणे तर स्वच्छ झाले ना!” झाले. परंतु जे काढले ते काढताना आणि जे भरले ते भरताना यंत्राने कोठेही खूण ठेवली नाही, ही माझी हरकत आहे. प्रतीवर कोणतेही प्रयोग करावेत. मूळ फाइलला हात लावायचा नाही, असे दोघांत ठरले.

19 ऑगस्ट

कालपासून पाऊस कोसळतो आहे, लोकल कोलमडल्या आहेत, ऑफिसला जाण्याचा प्रश्न नाही. सकाळी आई पुन्हा म्हणाली की ती पहिली, ‘चुकीची’ फाइल कोठे गेली, तीच लाव. त्यावर चिडण्याऐवजी प्रथमच स्वतःला विचारले की मी नेमके काय मोजले आहे. मी आजच्या डेकची गती मोजली आहे. 1988 मध्ये टेप करणाऱ्या टू-इन-वनची गती मी कोठे मोजली?

त्या यंत्राचा साक्षीदार फितीवरच सापडण्याची शक्यता होती. मंडपातल्या ॲम्प्लिफायरची घरघर विजेच्या वारंवारतेच्या दुपटीने होते, म्हणजे 50 हर्ट्झच्या विजेवर 100. फाइलचा नमुनादर 2,000 पर्यंत उतरवला आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये 65,536 नमुन्यांची, म्हणजे सुमारे 33 सेकंदांची खिडकी लावून वर्णपट काढला. 100च्या शेजारी एक बारीक रेघ उभी होती, 100.6 वर. म्हणजे कॅसेट आज 0.6 टक्के जलद वाजते आहे. एवढ्याने आवाज बारीक झाल्याचे कोणाला कळणार नाही, त्यामुळे दुपारपर्यंत मी मनातल्या मनात आईला हरवून बसलो होतो. जेवताना आठवले की त्या काळी वीज 50 वर स्थिर नसायची, मागणी वाढली की वारंवारता खाली जायची, आणि गणपतीतल्या संध्याकाळी मागणी कमी असण्याचे कारण नव्हते. साक्षीदारच डळमळीत होता.

31 ऑगस्ट

गणपतीच्या निमित्ताने मामांकडे डोंबिवलीला गेलो. आरती झाल्यावर टू-इन-वनचा विषय काढला. “मामा, तुम्ही टेप करताना वायर लावायचात की सेलवर?” मामा हसले. मंडपात एकच बोर्ड होता आणि त्यावर ॲम्प्लिफायर आणि रोषणाई होती, त्यामुळे टू-इन-वन नेहमी सेलवरच चाले, आणि नवे सेल घ्यायला वर्गणीतून पैसे मिळत नसल्याने गेल्या वर्षीचे सेल दुपारी उन्हात ठेवून वापरले जात. सेल उतरलेले असले की मोटर सावकाश चालते, सावकाश टेप केलेली फीत योग्य गतीने वाजवली की जलद वाजते.

नानांची पेटी मामांकडेच आहे. ती त्यांच्यानंतर ट्यूनिंगला दिलेली नाही. नानांची पट्टी काळी एक. मामांनी भाता हलकेच ओढला आणि मी फोनवर आकडा घेतला: 278 हर्ट्झ. फाइलमध्ये त्याच सुरावर पेटी एकटी थांबते ती जागा मी आधीच काढून ठेवली होती, तेथे 285 होते. शेजारचे चार सूर तपासले, सगळे अडीच टक्क्यांनीच वर होते. म्हणजे सावकाश डेक आणि सावकाश टू-इन-वन यांच्या चुका 6 जुलैला एकमेकींना झाकत होत्या, फरक उरला होता अर्ध्या टक्क्याचा. मी त्यांतली एक दुरुस्त केली आणि दुसरी उघडी पडली.

हाच अडीच टक्क्यांचा हिशेब घरघरीला लावला तर त्या संध्याकाळी गिरगावात विजेची वारंवारता 49.1च्या आसपास होती असे निघते. ते कोणाला हवे होते असे नाही, पण निघाले.

आईला फोन करून सांगितले. ती म्हणाली, “बरे झाले. आता पेटीला तेल-पाणी करायला सांग मामाला.”

7 सप्टेंबर

काल विसर्जन झाले. प्रत्येक कॅसेटीचा गती दुरुस्तीचा गुणक वेगळा काढावा लागतो आहे, कारण दर संध्याकाळी सेल वेगळे. 1988 च्या कॅसेटीत पहिल्या बाजूच्या अखेरीस तोच सूर 287 वर जातो, म्हणजे गाता गाता सेल उतरत होते, त्यामुळे दुरुस्तीही उतारावरची करावी लागली. मूळ फाइल, दुरुस्त फाइल आणि गुणक कसा काढला ते सांगणारी साधी मजकुराची फाइल अशा तीन गोष्टी एका फोल्डरात ठेवतो. माझे गणित पुन्हा चुकले असेल तर पुढच्या माणसाला मूळ फाइलपासून सुरुवात करता यावी.

21 सप्टेंबर

39 कॅसेटी पूर्ण झाल्या. प्रती दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक येथे मुलुंडला आणि एक मामांकडे. पेन ड्राइव्हवर विश्वास ठेवला नाही. 2004 मध्ये मी स्वतः फोटो भरून ठेवलेल्या 20 सीडींपैकी सहा आता वाचल्या जात नाहीत, त्यामुळे सीडीही बाद. दरवर्षी गणपतीआधी दोन्ही डिस्कवरच्या फाइली जशाच्या तशा आहेत का ते चेकसमने, म्हणजे फाइलीवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने, तपासायचे, असे कॅलेंडरवर लिहिले आहे.

उद्यापासून 32 इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी 28 वरून 18 टक्के होणार असल्याचे भाच्याने सकाळी दोनदा ऐकवले. त्याला सोफा दाखवला.

आई आता रोज दुपारी एक फाइल ऐकते आणि कोण कोठे ‘वा’ म्हणाले, मागे रडणारे मूल कोणाचे, वर्गणीची घोषणा कोणाच्या आवाजात आहे, हे वहीत वेळेसह लिहिते. वहीची चौदा पाने झाली आहेत आणि तीही टंकून त्याच फोल्डरांत ठेवायची आहेत. 38 क्रमांकाच्या कॅसेटीचा दाबाचा स्पंज गळून पडला आहे. मामांनी एका रिकाम्या कॅसेटीतला काढून काडेपेटीत ठेवला आहे, तो रविवारी आणायचा.